आमच्या शेताला या

"काका, यंदा येळवस कुठं?" गंजगोलाईच्या गर्दीतून रिक्षा बाहेर काढत गफूरभाईंनी विचारलं.

मी मागं मामांच्या शेजारी बसले होते. मांडीवर बाजरीच्या पिठाची पिशवी, पायाशी मेथी, चुका आणि ओल्या तुरीच्या शेंगा. मामा म्हणजे माझे सासरे, व्यंकटराव बिराजदार. लातूरकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. मी मूळची चिपळूणची.

उत्तराची वाट न बघता गफूरभाई म्हणाले, "माझ्या मेव्हण्याचं शेत हाय औशाच्या रोडला. आमच्यासोबत चला की. दरसाल घरात बसून काय करायलाव?"

"आम्हाला कशाला न्यायलास?" मामा एकदम म्हणाले. "तूच ये की आमच्या शेताला. बायकालेकरं घेऊन ये."

गफूरभाईंनी कचकन ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गलका केला, पण ते पूर्ण वळून मामांकडं बघत बसले.

"परत घेतलं का काय काका शेत?"

"ये तर खरं."

मी मामांच्या तोंडाकडं पाहिलं. ते शांतपणे रस्त्याकडं बघत होते. आमच्याकडं शेत नव्हतं. आमच्या मालकीची माती म्हणजे तुळशीची एक कुंडी, आणि तिच्यावरही हक्क आत्यांचा.

येळवस म्हणजे काय हे मलाही इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर रिकामं होतं. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर कुत्रीसुद्धा बावरलेली. सगळी माणसं आपापल्या शेतात जातात, कडब्याची लहानशी झोपडी, म्हणजे कोप, उभारून तिच्यात पांडव म्हणून पाच दगड पूजतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवतात आणि आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरा घालतात. शेत नसलेला माणूस दुसऱ्याच्या शेताला जातो. आधीचे आठ-दहा दिवस जो भेटेल तो भेटेल त्याला "या आमच्या शेताला" म्हणत असतो आणि समोरचा "येतो की" म्हणून जिथं जायचं तिथंच जातो. पुण्यात "या एकदा घरी" म्हणतात, तसलाच प्रकार.

मामा मात्र कुणाला "येतो की"सुद्धा म्हणत नसत. त्यांचं नऊ एकर रान गावाला लागून होतं, मग गाव त्याला लागलं, मग गावानं ते खाल्लं. बिल्डरनं तिथं हरितांगण नावाची कॉलनी बांधली आणि मामांना पैशांसोबत एक फ्लॅट दिला. तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट मिळत असताना मामांनी हट्टानं तळमजल्यावरचा कोपऱ्यातला घेतला. त्यात इतका अंधार की ऊन बघायला आम्ही जिन्यात जायचो. आत्यांनी त्यांना यासाठी कधीही माफ केलं नव्हतं, आणि हे त्या रोज एकदा तरी बोलून दाखवत. येळवसच्या दिवशी मामा आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावत आणि दुपारी लाल डोळ्यांनी बाहेर येऊन न बोलता जेवत. चाळीस वर्षं ज्यानं गावाला आपल्या शेतात जेवू घातलं, तो दुसऱ्याच्या बांधावर ताट घेऊन कसा बसणार?

घरी आल्यावर मी विचारलं, "मामा, गफूरभाई खरंच आले तर?"

"आले तर जेवतील."

"कुठं?"

"शेतात," मामा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

माझा नवरा तेव्हा बदलीवर परभणीला होता, त्यामुळं हे संकट आत्यांना आणि मलाच निस्तरायचं होतं. संकट रोज वाढत होतं. एकदा तोंडातून शब्द गेल्यावर मामांना जणू चटकच लागली. दूधवाल्याला "या". चौकातल्या दोन ट्रॅफिक हवालदारांना "या". क्लासच्या पोरींना डबे पुरवणाऱ्या मेसच्या बाईंना "पोरींना घेऊन या". पासबुक भरायला माझ्यासोबत बँकेत गेले, तर बिहारकडून बदलून आलेल्या मिश्राजी मॅनेजरना "सहकुटुंब या". मिश्राजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहां बच्चे क्रिकेट खेल सकते हैं?" मामांनी माझ्या आधीच मान हलवली.

"आवं, कुठलं शेत दाखवणार तुम्ही त्यांना?" आत्या कळवळून म्हणाल्या. "चाळीस वर्षांचं नाव हाय तुमचं. एका दिवसात माती करायलाव त्याची."

"माती तर माती," मामा म्हणाले.

आत्या पदराला डोळे पुसत आत गेल्या. मलाही रात्रभर झोप लागली नाही. एवढी माणसं येणार, दारात उभं राहून शेत कुठं म्हणून विचारणार, आणि हा ताठ कण्याचा म्हातारा त्यांच्यासमोर काय बोलणार? मामांचा आयुष्यभराचा मान जाणार होता. शेवटी मी नळेगावकर सरांकडं गेले.

नळेगावकर सर आमच्या कॉलनीतले रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. कॉलनीत पाण्याच्या टाकीमागं एक मोकळा तुकडा होता, तिथं बिल्डरनं विटांचे तुकडे, सिमेंट-काँक्रीटची ढेकळं असं सगळं टाकून दिलं होतं. सरांनी त्या राडारोड्यावर बाग करायची ठरवली. सायकलवरून भाजी मंडईतला पाला आणला, आमच्या घराघरांतून साली, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं गोळा केली, आणि थरावर थर देत खरोखरच माती केली. पाणी मात्र नळाचं नाही. दुष्काळात रेल्वेनं पाणी आलेल्या त्या उन्हाळ्यानंतर लातुरात कुणी घोटभर पाणीही उगाच सांडत नाही. डाळ-तांदळाचं धुवण, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, सगळं बादलीनं बागेत. सर बादलीत बोट बुडवून, बोट चाखून साबण आहे का बघायचे. जोशीण काकूंची बादली त्यांनी दोनदा परत पाठवली होती.

या मातीवर पाय ठेवायला सक्त मनाई होती. "मातीला श्वास असतो," सर म्हणायचे, "आणि तुम्ही छातीवर उभे राहता." त्यामुळं आम्ही वाफ्यांवर फळ्या आडव्या टाकून त्यांवर पालथं पडून तण काढायचो. सरांच्या शर्टाच्या खिशात बायकोची स्वेटर विणायची सुई असे. कुठं शंका आली की ते ती मातीत खुपसत. बोंडापर्यंत गेली तर माती जिवंत. अडली तर चौकशी.

मामा खिडकीतून हे बघायचे आणि म्हणायचे, "शेत हाय का पाळणाघर?" बागेत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सर आणि मामा एकमेकांशी बोलतही नसत.

मी सगळं सांगितल्यावर सरांचा चेहरा पांढरा पडला. "किती माणसं?"

"माहीत नाही सर. ते अजून बोलवतच आहेत."

"म्हणजे किती पाय, तेही माहीत नाही?"

सरांनी तातडीनं मंडळाची बैठक लावली. मंडळ म्हणजे बादल्या आणणारे आम्ही सगळे. सर म्हणाले, तीन वर्षं जमवलेली माती एका दुपारी दगड होईल, आणि दगड झालेल्या मातीत पाणी मुरत नाही. कुणी म्हणालं, बागेला कुलूप लावा. कुणी म्हणालं, पाहुण्यांना गच्चीवर बसवा. तेवढ्यात दारात मामा येऊन उभे राहिले.

"गच्चीवर येळवस होत न्हाई," ते म्हणाले. "खाली माती लागती."

"माती आहे," सर म्हणाले. "पण तिला लागायचं नाही."

मला वाटलं, आता मामा फाडकन काहीतरी बोलतील. पण ते खाली बघून म्हणाले, "मी लोकांना बोलवून बसलोय, सर." एवढंच. त्या माणसाला असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सर बराच वेळ खिशातल्या सुईचं बोंड चोळत राहिले. मग म्हणाले, "खाटा."

"काय?"

"प्रत्येक घरातून एक खाट. तिचे पाय वाफ्यांच्या विटांच्या कडांवर टेकवायचे. माणसं खाटेवर, पीक खाटेखाली. मातीवर वजन शून्य." सरांना स्वतःचंच म्हणणं एकदम पटलं. ठराव झाला.

येळवसच्या सकाळी हरितांगणातून खाटांची वरात निघाली. लोखंडी खाटा आल्या, सुंभाच्या बाजा आल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या नवविवाहित जोडप्यानं उशाला आरसा असलेला डबलबेड चार जणांकडून उतरवून घेतला. फक्त मामांनी आपली बाज दिली नाही.

"सगळी कॉलनी तुमच्यासाठी खाटा काढायली आणि तुमची बाज काय सोन्याची हाय का?" आत्या म्हणाल्या.

"माझी बाज हलणार न्हाई," मामा म्हणाले. त्या बाजेखाली ते मला कधी झाडूही मारू देत नसत, स्वतःच झाडत. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं समजून मी गप्प बसायची.

मग पाहुणे यायला लागले. गफूरभाई सगळ्यांत आधी, बायको, लेकरं आणि ज्याच्याकडं जायचं ठरलेलं तो मेव्हणासुद्धा घेऊन. "म्हणलं, काकांनी शेत घेतलं, बघून तर येऊ," मेव्हणा म्हणाला. मेसच्या बाई पोरींची रांग घेऊन आल्या. हवालदार शिट्ट्यांसह आले. मिश्राजींच्या बायकोनं डोंगर चढायचे बूट घातले होते आणि मुलांच्या हातात बॅट-स्टंप होते. कुणी हुरडा भाजायला गोवऱ्या आणल्या होत्या. टाकीपाशी येऊन सगळे थबकत, खाटांनी भरलेला तो तुकडा बघत आणि विचारत, "इथून शेताला जायचं का?"

"हेच," मी म्हणायची. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण जमिनीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती.

"पाय वर! पाय वर घ्या!" सर सुई उगारून ओरडत फिरत होते. माणसं पूर आल्यासारखी खाटांवर चढून मांड्या घालून बसली. ज्वारीची ताटं दोन खाटांच्या फटीतून वर आली होती आणि माणसांच्या मध्येच पाहुण्यासारखी उभी होती. डबलबेडवर दोन्ही हवालदार बसले. उशाच्या आरशात त्यांना स्वतःच्या टोप्या दिसत होत्या आणि ते त्या सारख्या करत होते. मिश्राजींच्या मुलांनी एका बाजेवर स्टंप बांधले, पण चेंडू मेथीत गेल्यावर सरांनी तो चिमट्यानं काढून जप्त केला.

कोप एका खाटेवर उभारली होती. आत्यांनी आत वाकून बघितलं. "पांडव कुठं हायत?"

"मी धुऊन ठेवलेत," सर म्हणाले आणि त्यांनी राडारोड्यातून निवडलेले पाच तुकडे पुढं केले. दोन विटांचे, तीन काँक्रीटचे. एकातून सळईचं टोक बाहेर आलं होतं.

मामांनी त्या पांडवांकडं पाहिलं. गफूरभाईंचा मेव्हणा हळूच म्हणाला, "काकांनी चेष्टा केली व्हय आपली?" ते मामांना ऐकू गेलं. त्यांच्या मानेची शीर हललेली मी बघितली.

"पूजा मागून," मामा म्हणाले. "आधी फेरा."

त्यांनी डोक्यावर घोंगडं घेतलं, आंबिलीचं मडकं खांद्यावर घेतलं, हातात लिंबाचा डहाळा घेतला आणि "ओलगे, ओलगे" अशी फेऱ्याची जुनी आरोळी दिली. सर बागेभोवतीच्या विटांच्या वाटेकडं बोट दाखवत म्हणाले, "इकडून या, कडेकडेनं." मामांनी त्या बोटाकडं बघितलंसुद्धा नाही. ते फाटकातून सरळ बाहेर पडले.

"मामा, कुठं चाललात?"

"शेताला फेरा घालायलोय."

"शेत इकडं आहे!" सर ओरडले.

"हे?" मामा वळून म्हणाले. "हा तर खळ्याचा कोपरा. शेत लई मोठं हाय."

आणि ते चालायला लागले. आधी गफूरभाई खाटेवरून उतरले, मग मेसच्या पोरी, मग सगळेच. मामा पार्किंगमध्ये शिरले आणि डहाळा आंबिलीत बुडवून त्यांनी दोन मोटारींवर सपकन शिंपडलं. "हितनं तूर. हितनं तिकडं हरभरा." माणसं मोटारींच्या मधून आडवी होत, "ओलगे, ओलगे" करत मागून चालली. शेताचा जुना बांध एका इमारतीच्या कोपऱ्यातल्या ब्यूटी पार्लरमधून जात होता. मामा पार्लरमध्ये शिरले. खुर्चीत एक बाई तोंडाला पांढरा लेप लावून बसल्या होत्या.

"उठू नका," मामा त्यांना म्हणाले. "तुम्ही बांधावरच बसलाव." त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आंबील शिंपडली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. लेप फुटू नये म्हणून त्या बाईंना काही बोलता येईना, मग त्याही उठून आमच्यात सामील झाल्या.

त्यानंतर बांध नळेगावकर सरांच्या स्वयंपाकघरात गेला.

"चप्पल काढा," एवढंच सर म्हणू शकले. मामा अनवाणीच होते. ते ओट्यापाशी थांबले आणि हवेत हातानं रेघ ओढली. "ओटा आमच्याकडं. सिंक शेजारच्या शिवाप्पाच्या रानात."

"म्हणजे मी दोन शेतांत राहतो?"

"शिजवायलाव आमच्यात आणि भांडी शिवाप्पाकडं घासायलाव. शिवाप्पा असता तर भांडला असता." मामांनी खिडकीच्या गजांतून बाहेर आंबील शिंपडली. बांध गजांतून पुढं गेला होता, पण आम्हाला वळसा घालणं भाग होतं. सगळे निघाले, सर मात्र हलले नाहीत.

"व्यंकटराव," त्यांनी विचारलं, "माती कशी होती इथं?"

"काळी. कमरंएवढं खणलं तरी काळीच. पाणी दिलं की आठ-आठ दिवस ओल धरायची."

सरांनी खिशातून सुई काढली. वाकून तिचं टोक फरशीवर टेकवलं. ठक्. दोन पावलं सरकून पुन्हा. ठक्. तीन वर्षं हा माणूस सायकलवरून पाला आणत होता, चहाचे चोथे वाळवत होता, बादल्या चाखत होता, आणि रोज सकाळी उठून ज्या मातीवर चहा उकळत होता ती अशी होती. मला त्यांच्याकडं बघवेना.

"चला सर," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काटा नव्हता.

पंपाच्या खोलीमागून, जिन्याखालून, सायकली उचलत आम्ही फेरा पुरा करत आणला, तो आमच्याच दारात. मामा आत शिरले. आपल्या खोलीपाशी जाऊन थांबले. मागं बैठकीत, जिन्यात, बाहेर ओट्यापर्यंत माणसं. एरवी याच दिवशी त्या दाराला आतून कडी असायची.

"आत या," मामा म्हणाले आणि त्यांनी बाज भिंतीकडं ढकलली.

बाजेखाली पाच पांडव होते. चुन्यानं रंगवलेले, हळदीकुंकू लावलेले, नारळाएवढे पाच दगड. ते फरशीवर मांडलेले नव्हते. फरशी त्यांच्याभोवती कापून बसवली होती आणि ते खालून, जमिनीतून वर आलेले होते. फरशी आणि दगड यांच्या मधल्या चिरेत काळी माती दिसत होती.

आत्या उंबऱ्यावरच बसल्या. "ह्यासाठी? ह्यासाठी हे अंधाराचं घर घेतलंव तुम्ही?"

"हलवायचे नसतात," मामा म्हणाले. "बिल्डरला म्हणलं, बांधायचं ते ह्यांच्या भोवतीनं बांध."

"मग मला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं शिव्या खाल्ल्याव."

"काय सांगू? बाजेखाली शेत हाय म्हणून?" मामांनी मडकं खाली ठेवलं. ते दाराकडं बघत होते, पण बोलत होते गफूरभाईंच्या मेव्हण्याशी. "चेष्टा न्हाई केली, बाबा. दरसाल मी एकटाच हितं आंबील वाहतो. ज्याला शेत न्हाई त्यानं ह्या दिवशी कुठं जावं, हे मला ठाऊक हाय. म्हणून तसलीच माणसं बोलावली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हवालदार, मेसच्या पोरी, मिश्राजी, गफूरभाई. ज्याच्याकडं गुंठाभर रान आहे अशा एकालाही मामांनी आवतण दिलं नव्हतं. आणि आम्ही म्हणत होतो, म्हाताऱ्याची जीभ सुटली.

मेव्हण्यानं पुढं होऊन मामांचे पाय धरले. मग एकेक जण आत येऊन, वाकून, बाजेला डोकं आपटून घेत पाया पडून गेला. लेपवाल्या बाईंचा लेप एव्हाना गालावरून तडकला होता. सगळ्यांत शेवटी नळेगावकर सर आले. ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मामांकडं परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. मामांनी मान हलवली. सरांनी चिरेतल्या मातीवर सुई टेकवली, आणि ती अलगद आत गेली. बोंडापर्यंत.

"गेली," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "व्यंकटराव, गेली हो."

"जाणारच. दरसाल आंबील पाजतो."

सर उठले. त्यांनी शर्ट नीट केला, आणि वर्गात हजेरी घेताना बोलत असतील तसे स्पष्ट म्हणाले, "तुमच्या शेतात आम्ही येऊन गेलो. आता तुम्ही आमच्या शेताला या. जेवायला."

शेत गेल्यापासून हा माणूस कुणाच्याही शेताला गेला नव्हता. आत्यांनी माझा हात घट्ट धरला.

"तुमच्या शेताला?" मामा म्हणाले.

"आमच्या."

"पाय ठेवू देताव का?"

एवढ्या माणसांसमोर हो म्हणणं किती सोपं होतं. पण सर सर होते. "नाही," ते म्हणाले. "पाय नाही. बसू देईन."

मामांच्या मिशा हलल्या. मग ते हसायला लागले, इतके की त्यांना बाजेचा आधार घ्यावा लागला. "येतो की," ते म्हणाले.

आणि आले. सरांनी मेथीच्या शेजारचा एक मोकळा वाफा दाखवला. मामा डबलबेडवर चढले, दोन्ही हवालदारांनी त्यांच्या काखेत हात घातले, गफूरभाईंनी त्यांचे पाय वरच्या वर धरले आणि त्या सगळ्यांनी मिळून मामांना हळूहळू, मांडी घातलेल्या स्थितीत, वाफ्यात उतरवलं. "टेकले," सर म्हणाले. पावलं मातीला लागली नव्हती. खाटांवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मामांनी मूठभर माती उचलली, चोळली, नाकाशी नेली. सर श्वास रोखून बघत होते.

"कच्ची हाय अजून," मामा म्हणाले.

"किती वर्षं लागतील?"

"मला कुठं दिसणार हाय ते. पण ओल धरली हाय. करत ऱ्हावा."

सरांना पुरस्कार मिळाला असता तरी एवढा आनंद झाला नसता. आत्यांनी ताट खाली दिलं. मामा जेवले. भज्जी खाताना रडले, उंडा कुस्करताना रडले, आणि मधूनच वर बघून मला म्हणाले, "सूनबाई, खीर कमी गोड झाली." आत्या खाटेवरून वाकून त्यांना वाढत होत्या आणि त्याही रडत होत्या, पण अंधाऱ्या घराबद्दल त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागल्या.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची बाज तिथंच आहे. येळवसला आम्ही ती सरकवतो आणि बागेपासून आमच्या खोलीपर्यंत माणसांची रांग लागते. सर अजून आहेत, त्यांना आता फळीवर पालथं पडता येत नाही, पण सुई खिशात असते. बागेच्या फाटकावर "मातीवर पाय ठेवू नये" अशी पाटी आहे. तिच्याखाली सरांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, ती दरवर्षी पुन्हा रंगवतात. "बसण्यास हरकत नाही."

परवा बाजारातून येताना रिक्षावाला नवखा होता, कुठून तरी नांदेडकडून आलेला. सगळं गाव कुठं निघायच्या तयारीत आहे म्हणून विचारत होता. मी त्याला येळवस काय असते ते सांगितलं. तो म्हणाला, "माझं इथं कुणीच न्हाई ताई."

"मग आमच्या शेताला या."

"मोठं हाय का शेत?"

"नऊ एकर," मी म्हणाले. "फक्त पाय वर घेऊन बसावं लागतं."